कोणता बोअर परवडेल?

नागपूरच्या मानेवाड्याकडून एका वाचकाचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणतात. वय ४३, नोकरी विमा कंपनीत, घरी बायको आणि नववीतली मुलगी. मुलगी एअर पिस्तूल शिकायला रेंजवर जाऊ लागली. तिला सोडता-आणता एक दिवस हेही फायरिंग पॉइंटवर उभे राहिले आणि नाद लागला. स्पर्धा खेळायची नाही. आठवड्यातून दोनदा तासभर नेम धरला की डोकं शांत राहतं, एवढंच. आता स्वतःचं काहीतरी हवंय. वडील ७२ वर्षांचे, काटोलकडे शेती. त्यांच्याकडे परवान्याची जुनी डबल बार बाराबोअर आहे आणि ‘ती तुझ्या नावावर करून घे’ असा त्यांचा धोशा चाललाय. यांनी अमेरिकेतले भरपूर व्हिडिओ पाहिले, त्यातून असं समजलं की ९ एमएम स्वस्त आणि .२२ त्याहून स्वस्त. म्हणून बाराबोअर विकावी, एक .३२ चं रिव्हॉल्व्हर आणि एक .२२ रायफल घ्यावी, असा बेत आहे. महिन्याला ३,००० रुपयांच्या पुढे जाता येत नाही. बायकोला यातलं निम्मंच ठाऊक आहे आणि तेवढ्यावरच ती याला श्रीमंतांचे चोचले म्हणते. विचारलंय एवढंच, की छंद परवडण्यासाठी कोणतं कॅलिबर, म्हणजे कोणत्या मापाच्या नळीचं हत्यार (यालाच बोअर म्हणतात), घेऊ?

भाऊ,

तुमच्या पत्रात बंदुकांच्या किमती आहेत, वडिलांचं वय आहे, महिन्याचं बजेट आहे. फक्त महिन्याला किती गोळ्या झाडायच्या, ते कुठंच नाही. कॅलिबरचा निकाल लागतो तो त्याच आकड्यावर. बंदूक एकदाच घ्यायची असते, गोळी दर खेपेला विकत घ्यावी लागते.

तो आकडा आपणच काढू. दहा मीटर एअर पिस्तुलाच्या स्पर्धेत ७५ मिनिटांत ६० गोळ्या मारायच्या असतात. तुम्हीही तासभरच उभे राहता, म्हणजे एका खेपेला साधारण तेवढ्याच. आठवड्याला दोन खेपा धरल्या तर महिन्याला ४८० गोळ्या झाल्या. ४.५ एमएमच्या, म्हणजे .१७७ इंचाच्या, मॅच पॅलेटचा (स्पर्धेच्या दर्जाच्या शिशाच्या छर्‍याचा) डबा बहुधा ५०० चाच येतो. एक डबा, एक महिना. चांगल्या विदेशी पॅलेटला प्रत्येक बारामागे काही रुपये पडतात, सरावाच्या देशी छर्‍यांना त्याहून कितीतरी कमी. तुमच्या तीन हजारांत डबा, रेंजची फी आणि पेट्रोल बसून थोडेफार उरतीलही.

आता हेच ४८० बार .२२ मध्ये मोजा. मॅचच्या दर्जाच्या एका .२२ काडतुसाच्या पैशात आठ-दहा पॅलेट येतात, दुकानातून घ्याल तर जास्तच. बजेट पहिल्याच आठवड्यात संपतं. बाराबोअरची तर गोष्टच सोडा. ट्रॅपमध्ये, म्हणजे हवेत उडवलेल्या चकत्या फोडण्याच्या खेळात, एक राउंड म्हणजे २५ चकत्या, आणि पात्रता फेरीत एकूण १२५ चकत्या. प्रत्येक चकतीला निदान एक काडतूस, वर चकतीचेही पैसे.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर ४.५ एमएम. पण एवढ्यावर तुमचं समाधान व्हायचं नाही, हे पत्रावरून दिसतंच. तुम्ही लिहिलंय, ‘एअर पिस्तूल म्हणजे शेवटी खेळणंच, मुलीसाठी ठीक आहे.’ या वाक्याशी माझं भांडण आहे.

ऑलिम्पिकमध्ये भारताला नेमबाजीत आजवर सात पदकं मिळाली. ती कोणत्या बोअरची होती, ते बघा. २००४ ला राज्यवर्धनसिंह राठोड यांचं रौप्य डबल ट्रॅपमधलं, म्हणजे बाराबोअर. २०१२ ला विजय कुमार यांचं रौप्य रॅपिड फायर पिस्तुलात आणि २०२४ ला आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांचं कांस्य ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, दोन्ही .२२. उरलेली चारही ४.५ एमएमची आहेत. अभिनव बिंद्रा यांचं २००८ चं सुवर्ण, गगन नारंग यांचं २०१२ चं कांस्य, मनू भाकर यांचं २०२४ चं कांस्य आणि त्याच वेळी सरबज्योत सिंग यांच्या जोडीनं मिळवलेलं दुसरं. सातांत चार त्या ‘खेळण्याची’. .३२ च्या खात्यावर एकही नाही.

आणि ही एअरगनची नेमबाजी सोपीही नाही. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, पॅलेटच त्याच्या नऊपट रुंद. पिस्तुलाचा दहा ११.५ मिलिमीटरचा, पण तो एका हातानं, टेकू न घेता गाठायचा. पॅलेट हळू जातं, सेकंदाला पावणेदोनशे मीटरच्या आसपास. त्यामुळे ट्रिगर दाबल्यावर ते नळीतून बाहेर पडेपर्यंत मनगट जरा जरी ढिलं पडलं तरी कागदावर उमटतं. डोकं शांत करायला हवं म्हणता ना, मग याहून कडक मास्तर मिळायचा नाही.

व्हिडिओंबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण तुमच्यासारखी आणखीही पत्रं येतात आणि सगळ्यांच्या डोक्यात तेच ९ एमएम असतं. तिकडे ९ एमएम स्वस्त, कारण फौज, पोलीस आणि सामान्य माणूस एकच काडतूस वापरतात आणि ते अफाट संख्येनं बनतं. आपल्याकडे ते प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं. सामान्य नागरिकाच्या परवान्यावर मिळत नाही. आपल्या कायद्याची रीतच अशी की फौजेचा बोअर लोकांच्या हाती जाऊ द्यायचा नाही. .३१५ आणि .३२ हे बोअर इथं जे टिकून राहिले ते त्यामुळेच. .३१५ तर इंग्रजांच्या काळात पुढे आला तोच अशासाठी, की फौजेचं .३०३ काडतूस त्यात बसू नये. तेव्हा ‘सगळ्यात जास्त खपतं ते स्वस्त’ हा अमेरिकेतला नियम इथं लावू नका. इथं जास्त खपतं ते स्वसंरक्षणाच्या परवान्यावरचं .३२, आणि ते वर्षानुवर्षं कपाटात पडून राहतं.

.३२ रिव्हॉल्व्हरबद्दल माझं मत स्पष्ट आहे: छंदासाठी घेऊ नका. २५ मीटर सेंटर फायर स्पर्धेत .३२ वापरतात हे खरं, पण ते खास पिस्तूल असतं आणि काडतूसही सपाट तोंडाचं वॉडकटर. तुम्ही म्हणता तशी आखूड नळीची रिव्हॉल्व्हर जवळच्या अंतरासाठी बनवलेली असते, कागदावर ग्रुप काढायला, म्हणजे गोळ्या एकमेकींजवळ लावायला, नाही. वर परवान्यावर वर्षाला किती काडतुसं घेता येतील तेही लिहिलेलं असतं. तो आकडा घरात एक वस्तू ठेवणार्‍या माणसाच्या हिशेबानं दिलेला असतो, आठवड्यात दोनदा सराव करणार्‍याच्या नाही. लाखभर घालून वर्षातून दोन-चारदा बार काढायचा, तो छंद कसला?

.२२ रायफल मात्र मनातून काढून टाका असं मी म्हणणार नाही. फार गोड हत्यार आहे ते. धक्का जवळजवळ नाही, आणि ५० मीटरवर झोपून मारताना वारा वाचण्यात एक वेगळीच मजा असते. पण ते आत्ता विकत घेण्यासारखं नाही, वापरून बघण्यासारखं आहे. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ३ मध्ये बंदुकांच्या संख्येवर मर्यादा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं ती तीनवरून दोनवर आली. त्याच कलमात मान्यताप्राप्त रायफल क्लबचा सभासद नेमबाजीच्या सरावासाठी .२२ रायफल किंवा एअर रायफल वापरत असेल तर त्याला या मर्यादेतून सूट आहे. क्लब आणि .२२ यांचं नातं कायद्यानंच मानलंय. जिथं .२२ आहे अशा क्लबचं सभासदत्व घ्या, क्लबच्याच रायफलवर, त्यांच्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, सणासुदीला ४० गोळ्या मारा. काडतुसंही संघटनेमार्फत आलेली असली तर बाजारापेक्षा बरी पडतात. वर्षभरानंतरही ओढ टिकली, तर परवान्याचा अर्ज करायला तुमच्याकडे सभासदत्व आणि सरावाची नोंद असेल. आज नुसती इच्छा आहे.

आपलं नागपूर खरं तर दारूगोळ्याचं गाव. अंबाझरीला आयुध निर्माणी आहे, २०२१ मध्ये देशभरच्या निर्माण्यांच्या सात कंपन्या झाल्या त्यातल्या एकीचं, यंत्र इंडियाचं, मुख्यालयही इथंच. आणि ग्रॅमभरही वजन नसलेलं पॅलेट आपण जर्मनीहून नाहीतर चेक देशातून आणतो! त्याचा तुमच्या खिशाशी संबंध एवढाच की रुपया घसरला की डबा महागतो. म्हणून सुरुवातीला सरावाला देशी आणि महिन्यातून एखाद्या खेपेला, स्वतःची परीक्षा घ्यायला, विदेशी असं ठेवा. सपाट डोक्याचंच घ्या, कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं आणि गुण मोजताना वाद होत नाही. टोकदार छर्‍यांचा इथं उपयोग नाही. ४.४९, ४.५०, ४.५१ असल्या मापांच्या चर्चेत तर वर्षभर पडूच नका. तो फरक आधी तुमच्या हाताला जाणवायला हवा.

आता घ्यायचंच झालं तर काय घ्यावं?

पहिली गोष्ट, रायफलपेक्षा पिस्तूल. पॅलेट तेच, पण रायफलच्या मागे जाड जॅकेट, पँट, हातमोजा, खास बूट असा लवाजमा लागतो आणि तो हत्याराच्या निम्म्या किमतीपर्यंत सहज जातो. पिस्तुलाला तुमचे साधे सपाट तळव्याचे बूट चालतात. शिवाय मुलगी पिस्तूलच शिकतेय; मूठ दोघांच्या हाताला जमली तर एकावर दोघांचं भागेल. नाहीच जमली तर ओढूनताणून जमवू नका, मूठ हातात नीट बसलेली नसेल तर चुकीची सवय लागते.

दुसरी, वार्‍याचा खर्च. स्प्रिंगच्या बंदुकीला हवा फुकट, पण झटका विचित्र आणि नेमक्या ग्रुपला त्रासदायक. सीओटूची, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारी, पिस्तुलं दिसायला स्वस्त. वायूच्या १२ ग्रॅमच्या एका नळीत साधारण पन्नासएक बार निघतात, म्हणजे तुमच्या एका डब्यामागे दहा नळ्या, दर महिन्याला. त्यातून ३१ अंशांच्या वर सीओटू द्रवरूपात राहतच नाही, दाब वाढत जातो आणि वेग बदलतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ४५ अंश. बंद खोलीतल्या एसी रेंजवर असाल तर गोष्ट वेगळी. त्यापेक्षा दाबाच्या हवेवर चालणारं, पीसीपी, घ्या. सिलिंडर क्लबमध्ये भरून मिळतो.

नवं मॅच पिस्तूल तुमच्या आवाक्याबाहेर असेल तर जुनं बघा, नेमबाज पोरं वरचं मॉडेल घेताना आधीचं विकतातच. मात्र सिलिंडरवरची तारीख वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. सिलिंडरचं आयुष्य बनल्यापासून १० वर्षं मानतात, स्पर्धेत त्यानंतर तो चालत नाही आणि २०० बारच्या दाबाशी घरगुती प्रयोग करायचे नसतात. नव्या सिलिंडरची किंमत धरूनच सौदा करा.

तिसरी गोष्ट कायद्याची. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ एमएमपर्यंत बोअर आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही. दोन्ही अटी पाळल्या जायला हव्यात. .२२ बोअरची एअरगन ‘एअरगनच तर आहे’ म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर ती या सवलतीत बसत नाही, आणि तिचे छर्रेही जड, म्हणून महाग. ‘सेकंदाला हजार फूट’ अशी जाहिरात दिसली तर गणित करा: अर्ध्या ग्रॅमहून किंचित जड छर्रा खरोखर त्या वेगानं गेला तर ऊर्जा २४ ज्यूलच्या आसपास जाते. म्हणजे एकतर जाहिरात खोटी किंवा बंदूक बेकायदा. मॅचची पिस्तुलं-रायफली ८ ज्यूलच्या आत-बाहेर असतात. पक्की पावती घ्या आणि ती बंदुकीच्या पेटीतच ठेवा.

आणि गच्चीवर नको. मानेवाड्यात घरं एकमेकांना खेटून आहेत, भिंतीवरून उलटलेला छर्रा शेजार्‍याच्या मुलाच्या डोळ्यापर्यंत जायला वेळ लागत नाही. काटोलच्या बागेत पोपट-वानरांवर ‘जरा हात साफ’ करण्याचा विचारही करू नका, वन्यजीव कायदा १९७२ चा आहे आणि एअरगनला परवाना लागत नसला तरी गुन्हा गुन्हाच राहतो.

आता जिथं खरी बचत आहे ते सांगतो, ज्याबद्दल कुठला दुकानदार बोलणार नाही. गोळी न झाडता केलेला सराव, रेंजवर ज्याला ‘ड्राय’ म्हणतात. चांगले नेमबाज बराच वेळ नुसतं पिस्तूल उचलतात, साइट जुळवतात, ट्रिगर दाबतात, खाली घेतात. घरी, पांढर्‍या भिंतीसमोर, रोज पंधरा मिनिटं. पॅलेटचा डबा तेव्हा दुसर्‍या खोलीत, हा नियम मोडायचा नाही. मॅच पिस्तुलांत ड्रायची वेगळी सोय असते. स्प्रिंगची बंदूक रिकामी मारू नका, आतला पिस्टन आपटतो, आणि .२२ च्या हत्याराची पिन नळीच्या कडेवर आदळून खराब होते. पिस्तूल अजून घेतलं नसेल तर एक लिटरची पाण्याची बाटली हात लांब करून धरा, वजन जवळपास तेवढंच. रियाजाला रोज मैफल लागत नाही. असं केलंत तर रेंजवर ६० ऐवजी ४० गोळ्या पुरतात आणि डबा दीड महिना जातो.

वडिलांच्या बाराबोअरचा विषय वेगळा काढा. तुमच्या बजेटशी तो जोडल्यामुळेच घोटाळा झालाय. ती बंदूक विकून दुसरी घेणं म्हणजे जुनी स्कूटर देऊन नवी आणण्याइतकं सोपं नाही. विकत घेणारा परवानाधारक लागतो, नोंदी लागतात, आणि तुम्हाला जे हवंय त्याचा परवाना तुम्हाला मिळायला हवा, जो आज नाही. २०१६ च्या नियमांत परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा बंदूक २५ वर्षं त्याच्याकडे असली, तर हयातीतच ती वारसाच्या नावावर परवान्यासह मागता येते. वडील ७२ चे, म्हणजे पात्र आहेत. पण त्यांचा परवाना ग्रामीण भागातला, जिल्हाधिकारी कार्यालयाचा, आणि तुमचा पत्ता शहराचा, म्हणजे पोलीस आयुक्तालय. दोन्हीकडे आधी विचारा. मुदतही तपासा, परवाना आता पाच वर्षांचा असतो. काहीही न करता बसू नका: उद्या वडिलांचं काही बरंवाईट झालं आणि विनापरवाना बंदूक घरात निघाली तर तुमच्या नोकरीवर येईल. तुम्हाला ती ठेवायची नसेल तर तसं त्यांना सांगा आणि त्यांच्या सहीनंच, रीतसर, विकायला लावा. बाराबोअरशी त्यांचं मन गुंतलेलं असेल. पण ‘बाबा, मला ती झेपणार नाही’ हे वाक्य तुम्ही अजून त्यांच्यापुढे उच्चारलेलंही नाही, असं पत्रावरून वाटतं.

घरातलं दुसरं न उच्चारलेलं वाक्य बायकोपुढचं. वहिनींना निम्मंच माहीत आहे, आणि त्या जे चोचले म्हणतात ते बहुधा त्या न सांगितलेल्या निम्म्यालाच. त्यांना कॅलिबर समजावत बसू नका. महिन्याचा एक डबा, रेंजची फी, पिस्तुलाची एकदाची रक्कम आणि ती कुठून येणार, एवढे चार आकडे कागदावर लिहून पुढे ठेवा. रिव्हॉल्व्हरचा बेत होता हेही सांगा. तो रद्द केलाय, हे तुमच्याच तोंडून कळू द्या. आणि एकदा त्यांनाही रेंजवर न्या. आवडेल असं नाही, पण तुम्ही तिथं जाऊन काय करता ते तरी दिसेल. क्लब अजून पक्का केला नसेल तर मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात चौकशी करा, जिल्हा संघटनेच्या माणसांना विचारा; फी, वेळा आणि क्लबचं पिस्तूल किती महिने वापरू देतात हे तिन्ही लिहून घ्या. सहा महिने देत असतील तर सहा महिने काहीच विकत घेऊ नका, डबा सोडून.

बाकी, शिशाचे हात धुतल्याशिवाय तर्री-पोह्यांच्या गाडीवर जायचं नाही, हे तुम्हालाही आणि मुलीलाही. मुलीचं पुढे काय करायचं याचा निर्णय तुमच्या पिस्तुलावर अवलंबून ठेवू नका. ती जिल्ह्यातून राज्य स्पर्धेपर्यंत गेली तर तिच्या हाताच्या मापाचं वेगळं पिस्तूल लागेल आणि तेव्हा पैसे तिच्यासाठी हवेत. आजपासून त्या तीन हजारांतले जे काही उरतील ते तिच्या नावानं बाजूला टाका आणि कोणतं मॉडेल घ्यायचं ते तिच्या प्रशिक्षकाला ठरवू द्या.

— तुमचा सल्लागार